अंगावर काढलेले दुखणे



बायकांच्या एका दुखण्याला आपल्या बोलण्यात सरळ नाव नाही. ‘अंगावरून जाते’ एवढेच म्हणतात, आणि ऐकणारी बाई पुढचे समजून घेते. याच शब्दाचा आणखी एक प्रयोग आहे. दुखणे ‘अंगावर काढणे’. औषधपाणी न करता, कुणाला न सांगता, कामात खंड पडू न देता जे सोसले जाते, ते अंगावर काढलेले दुखणे. हे दोन्ही प्रयोग बहुधा एकाच बाईच्या वाट्याला येतात. गर्भाशय, गर्भनलिका आणि बीजकोश यांना ओटीपोटात जो जंतुसंसर्ग जडतो, त्याच्या इतिहासातील काही पाने आज आपल्यापुढे उलगडावी असा आमचा विचार आहे.

कामगार संघटनेत उभा जन्म गेलेल्या माणसाने या विषयाला हात का घालावा, असे कुणास वाटेल. वाटणे रास्त आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा नववीत सुटली. पुढची जी काही विद्या मिळाली ती नगरवाचनालयाच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. तेव्हा हा विषय आम्ही का धरला, ते आधी सांगितले पाहिजे. कारण त्यात आमची स्वतःची एक चूक आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही ऊसतोड कामगारांत काम करीत होतो. या धंद्यात नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादम हंगामाआधी ‘उचल’ देतो आणि ती अंगमेहनतीने फेडायची असते. एक दिवस कामावर गेले नाही तर तो ‘खाडा’. खाड्याची मजुरी तर बुडतेच, वर दंड बसतो. त्या वर्षीच्या आमच्या मागणीपत्रात तोडणीचा दर होता, मुकादमाचे कमिशन होते, अपघाताचा विमा होता, बैलांचा विमासुद्धा होता. कोप्यांवर बाईमाणसाला आडोसा हवा, पाणी हवे, पाळीच्या दिवसांत बिनदंडाची सुटी हवी, असे एकही कलम त्यात नव्हते. बाया सभेला येत, मागे बसत. आम्ही त्यांना काही विचारले नाही.

अशाच एका सभेनंतर तिशीच्या आतली एक बाई आली. म्हणाली, “भाऊ, पिशवी खराब झाली म्हनले डॉक्टर. काढली न्हाई तर क्यान्सर व्हतो म्हनं. मुकादमाला सांगून पैशाचं तेवढं बघा.” आम्ही मुकादमाशी दोन दिवस भांडलो आणि तिला जादा उचल मिळवून दिली. बाईचे काम केले याचा आम्हांला अभिमानही वाटला. तिला दुखते काय, डॉक्टरने तपासले कसे, काही गोळ्या दिल्या होत्या काय, यांतला एकही प्रश्न आमच्या तोंडून निघाला नाही. चार वर्षांनी ती पुन्हा भेटली. ती उचल फेडायला तीन हंगाम गेले होते. अंगाची आग आग होई, हाडे दुखत, मोळी डोक्यावर घेऊन टायरगाडीची फळी चढवत नव्हती. मूळ तक्रार काय होती, ते तेव्हा कुठे आम्ही विचारले. अंगावरून पांढरे जात होते आणि कंबर दुखत होती; दुसरे काही नाही. ते ऐकल्यापासून आम्ही या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम दुखणे म्हणजे काय ते पाहू. योनिमार्गात जंतूंची वस्ती निसर्गतःच असते आणि त्यांतले पुष्कळसे उपकारकच असतात. थोडा पांढरा स्राव प्रत्येक निरोगी बाईला असतो. तो रोग नव्हे. परंतु परमा किंवा क्लॅमिडिया यांसारखे शरीरसंबंधातून येणारे जंतू गर्भाशयाच्या मुखातून वर चढले, किंवा बाळंतपणात, गर्भपातात अस्वच्छ हातांनी व हत्यारांनी जंतू आत नेले, म्हणजे गर्भाशय आणि नलिका सुजतात. आपल्याकडे क्षयाचे जंतूही रक्तावाटे नलिकांपर्यंत पोचतात. नलिका ही बारीक, नाजूक वाट. सूज उतरली तरी आतून ती चिकटते. मग मूल राहत नाही, किंवा गर्भ नलिकेतच अडकून बाईच्या जिवावर बेतते, किंवा ओटीपोटाचे दुखणे कायमचे मागे लागते. त्यातही वाईट असे की, हे सारे पुष्कळदा फारशा वेदना न होता घडते. नलिका बंद झाल्याचे कळते तेव्हा घरात तिला ‘वांझ’ हा शब्द ऐकू आलेला असतो.

या संसर्गाचे सर्वांत भयंकर रूप म्हणजे बाळंतरोग. त्याच्या इतिहासासाठी आपल्याला १८४६ सालच्या व्हिएन्ना शहरात जावे लागेल. तेथील मोठ्या सरकारी रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीचे विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी शिकत. कोणती बाई कोणत्या विभागात जायची, हे ती कोणत्या वारी आली यावर ठरे. त्या एका वर्षात पहिल्या विभागात ४,०१० बाळंतपणे झाली आणि ४५९ बाया दगावल्या. दुसऱ्यात ३,७५४ बाळंतपणांत १०५ दगावल्या. विद्वानांच्या विभागात शेकडा अकरांहून अधिक, सुइणींच्या विभागात शेकडा तीनांहून कमी! शहरातल्या गरीब बायांना हा फरक चांगला ठाऊक होता. पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या गुडघे टेकून विनवीत. विद्वान मंडळी मात्र दूषित हवेला, बायांच्या भित्र्या स्वभावाला दोष देत होती.

तेथे इग्नाझ सेमेलवाइस नावाचा हंगेरीचा एक तरुण डॉक्टर सहायक होता. त्याने दोन विभागांचे आकडे शेजारी शेजारी मांडले आणि एकेक कारण खोडून काढले. हवा दोन्हीकडे एकच, गर्दी दुसरीकडे कमी नव्हे. मार्च १८४७ मध्ये त्याचे स्नेही कोलेच्का हे शवविच्छेदनात बोटाला सुरी लागून वारले, आणि त्यांच्या शवविच्छेदनाच्या नोंदीत त्याला बाळंतरोगाचीच चिन्हे दिसली. मग उलगडा झाला. पहिल्या विभागातले विद्यार्थी शवागारातून थेट बाळंतिणींकडे येत. मरण त्यांच्या हातांवरून येत होते. त्याने मे महिन्यात क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. १८४८ साली पहिल्या विभागात ३,५५६ बाळंतपणांत ४५ मृत्यू झाले. दोन विभागांतला फरक जवळजवळ मिटला.

सेमेलवाइसचे पुढे काय झाले? ‘तुमचे हात अस्वच्छ आहेत’ हे मोठ्यांना कोण सांगू शकतो? त्याला त्या जागेवर टिकू दिले नाही. त्याचा ग्रंथ १८६१ साली निघाला आणि १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला. जंतू अजून कुणी पाहिले नव्हते, म्हणून त्याचे म्हणणे पटले नाही, असे म्हणतात. ते काही अंशी खरे आहे. १८७९ साली पॅरिसच्या वैद्यक अकादमीत पाश्चरने फळ्यावर माळेसारखे जंतू काढून दाखविले आणि हाच तो रोग आणणारा, असे सांगितले. पण व्हिएन्नातली मोजणी तर तीस वर्षे आधीच झालेली होती. हजेरीपट डोळ्यांपुढे होता. तो वाचण्याची इच्छा नव्हती.

याच सुमारास दुसरी एक हकीकत घडली; ती नवरेमंडळींनी नीट ऐकावी. न्यूयॉर्कमध्ये एमिल नोएगेराथ नावाचा जर्मन डॉक्टर होता. त्याने १८७२ साली असे लिहिले की, लग्नाआधी परमा झालेला पुरुष बाहेरून बरा दिसला तरी आतून बरा नसतो. तो बायकोला रोग देतो, आणि तिच्या ओटीपोटाच्या पुष्कळ दुखण्यांचे व वांझपणाचे मूळ तेथे असते. यावर त्याच्या व्यवसायबंधूंनी त्याची टर उडविली. प्रतिष्ठित घरच्या पुरुषांविषयी असे बोलणे त्यांना रुचले नाही. सात वर्षांनी, १८७९ सालीच, आल्बर्ट नायसरने परम्याचा जंतू दाखविला, आणि नोएगेराथचे मूळ म्हणणे खरे ठरले. त्याचे सगळेच आकडे टिकले नाहीत, हेही सांगितले पाहिजे; पण मूल होत नाही म्हणून ज्या बायांना टाकून दिले, त्यांतल्या कितीजणींचा रोग नवऱ्याने घरी आणलेला होता, याची मोजदाद आजवर कुणी केलेली नाही.

आणि त्याच १८७२ साली अमेरिकेच्या जॉर्जिया प्रांतात रॉबर्ट बॅटी नावाच्या शल्यवैद्याने एका तरुण बाईचे बीजकोश काढून टाकले. पाळीच्या वेदना, झटके, मनाचे विकार, कशावरही ही शस्त्रक्रिया होऊ लागली. पुढल्या काही दशकांत युरोप-अमेरिकेत हजारो स्त्रियांचे निरोगी बीजकोश काढले गेले. विसावे शतक उजाडेपर्यंत ती पद्धत बदनाम होऊन मागे पडली. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. बाईच्या दुखण्याचे कारण शोधणे जिवावर आले की अवयवच काढून टाकण्याचा मोह होतो. हा मोह जुना आहे.

औषधांचा काळ आला तो १९३५ नंतर. प्रॉन्टोसिल नावाच्या लाल रंगद्रव्यापासून निघालेले औषध लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात लेनर्ड कोलब्रुक यांनी बाळंतरोगावर वापरून पाहिले. १९३६ साली त्यांनी पहिल्या ३८ रुग्णांची हकीकत छापली. त्यांत तिघी दगावल्या. ज्या रोगात आधी कितीतरी अधिक मरत, तेथे हा फरक मोठा होता. पुढे पेनिसिलिन आले. त्यानंतर मरण कमी झाले. पण नलिकांचे नुकसान मागे उरले. स्वीडनमधील लुंड येथे १,८४४ बायांची पोटात दुर्बीण घालून रोगाची खात्री केली आणि पुढे अनेक वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. १९९२ साली छापलेला हिशेब असा: एकदा संसर्ग झालेल्यांत शेकडा ८, दोनदा झालेल्यांत सुमारे २०, आणि तीन वा अधिक वेळा झालेल्यांत ४० बायांच्या नलिका निकामी होऊन मूल राहिले नाही. म्हणजे पहिल्याच वेळी औषध पोचणे किती मोलाचे, आणि ‘अंगावर काढणे’ किती महागाचे, हे या तीन आकड्यांत दिसते.

आता आपल्या घरी येऊ. मुंबई विधिमंडळात १९२८ साली गिरणीकामगार बायांना प्रसूतीच्या काळात भत्ता मिळावा म्हणून विधेयक आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केले, आणि १९२९ साली कायदा झाला. पुढे १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्याने बायांसाठी वेगळे शौचकूप, धुण्याची सोय, पाळणाघर या गोष्टी मालकावर बंधनकारक केल्या. आमच्या चळवळीची ही मोठी मिळकत. परंतु कारखान्याच्या भिंतीपाशी ती थांबली. साखर कारखान्याच्या आत जो कामगार, त्याच्यासाठी कायदा होता. त्याच कारखान्याला ऊस पुरविणारी बाई फडात होती, आणि तिचा मालक कोण हेच कागदावर ठरत नव्हते. शिवाय या कायद्यांत बाईचे बाळंतपण दिसत होते. बाळंतपणाआधीची आणि नंतरची तीस वर्षे दिसत नव्हती.

सरकारही मोजत होते, नाही असे नाही. पण काय मोजत होते? कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रिया किती झाल्या, तांबी किती बसविल्या, याची उद्दिष्टे जिल्ह्याजिल्ह्याला वाटून दिलेली असत. त्या बाईला आधीच संसर्ग आहे काय, हे पाहण्याचा रकाना त्या तक्त्यात नव्हता.

तो रकाना प्रथम भरला गेला गडचिरोली जिल्ह्यात. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग आणि त्यांचे सहकारी यांनी दोन खेड्यांतील ६५० बायामुलींची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्या रोगी बायांचीच नव्हे, तर गावातल्या सर्वसाधारण बायांची. त्याचा अहवाल जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकीय पत्रात आला. १०० पैकी ९२ जणींना स्त्रीरोगांपैकी एक तरी रोग होता. सरासरी पाहिली तर एकेकीला तीनाहून अधिक. यांतला जवळजवळ निम्मा भार जननमार्गाच्या संसर्गाचा होता. तक्रार आहे असे ५५ जणींनी सांगितले. उरलेल्यांनी आपल्याला काही होत नाही असेच सांगितले होते. आणि यापूर्वी आयुष्यात एकदा तरी अशी तपासणी झालेल्या होत्या शंभरात अवघ्या ८.

हा शेवटचा आकडा आम्हांला सर्वांत बोचला. बायका सांगत नाहीत, लाजतात, असे आपण म्हणतो. पण शंभरातल्या ब्याण्णव जणींना कुणी तपासलेलेच नव्हते, तर त्यांनी सांगायचे कुणाला? या पाहणीने देशात आणि बाहेरही विचाराला चालना दिली. १९९४ च्या कैरो परिषदेत बाईचे प्रजनन आरोग्य हा लोकसंख्येच्या आकड्याहून वेगळा विषय म्हणून मान्य झाला. १९९७ साली आपल्या सरकारने प्रजनन व बाल आरोग्याचा कार्यक्रम सुरू केला.

तरीही आमच्या त्या बाईपर्यंत औषध पोचले नाही, शस्त्रक्रिया आधी पोचली. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात असल्याच्या बातम्या आल्या. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, आणि १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहा जणींत एकीची. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत साऱ्या महाराष्ट्राचे प्रमाण शेकडा ३ हूनही कमी होते. दोन्ही पाहण्यांचे माप अगदी एक नाही, हे आम्ही जाणतो. गाठी, अतिरक्तस्राव, कर्करोग यांत ही शस्त्रक्रिया आवश्यक असते, तिने जीवही वाचतो, हेही जाणतो. पण एवढी तफावत केवळ नशिबाने पडत नाही.

कारण शोधायला लांब जावे लागत नाही. पहाटे फडात जायचे, रात्री-अपरात्री गाडी भरायची. कोपीला न्हाणी नाही, पाणी लांबून आणायचे, पाळीच्या घड्या वाळवायला ऊन लागेल अशी आडोशाची जागा नाही. त्यात संसर्ग जडला आणि डॉक्टरकडे जावे तर खाडा पडतो. गोळ्यांचा क्रम साधारण दोन आठवड्यांचा असतो, आणि नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते. नाहीतर रोग फिरून येतो. तो घेत नाही, आणि रोग फिरून येतो. मग कुणीतरी सांगतो की, पिशवी काढली की पाळीची कटकट नाही, खाडा नाही, आणि क्यान्सरची भीतीही नाही. पांढऱ्या स्रावाने पिशवीचा कर्करोग होतो, हे खरे नव्हे. पण ज्या बाईला दुसरा कुणी काही सांगतच नाही, ती भीती दाखविणाऱ्याचे ऐकते. आणि आमच्यासारखा एखादा कार्यकर्ता मध्ये पडून पैसे मिळवून देतो.

त्यानंतर बीडमध्ये जिल्हा शल्यचिकित्सकाच्या परवानगीशिवाय खाजगी रुग्णालयांनी ही शस्त्रक्रिया करू नये असा दंडक घातला गेला. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घालणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असा आदेश दिला. हे चांगलेच झाले. पण परवान्याने शस्त्रक्रिया थांबेल. दुखणे थांबणार नाही. शस्त्रक्रियेचा दरवाजा बंद केला आणि तपासणीचा उघडला नाही, तर बाई पुन्हा अंगावरच काढील.

म्हणून आमच्या मागणीपत्रात आता चार कलमे अधिक आहेत. हंगामाच्या आधी व नंतर प्रत्येक बाईची स्त्री डॉक्टरकडून तपासणी व्हावी आणि तिची नोंद तिच्या हातातल्या कार्डावर असावी. औषध नवराबायको दोघांनाही मिळावे. तळावर न्हाणी, शौचकूप आणि पाणी असावे. डॉक्टरकडे गेलेला दिवस खाडा धरू नये. ही कलमे आम्ही लिहिली असे म्हणणे खोटे होईल. बायांनी सांगितली, आम्ही उतरून घेतली. पहिल्या सभेत आम्ही ती वाचून दाखविली तेव्हा पुरुष खाली मान घालून बसले होते आणि मागच्या बाया पुढे सरकल्या होत्या.

आपण शहरातली मंडळी. आपल्या चहात ती साखर आहे, आणि आपल्या घरी भांडी घासायला येणारी बाई त्याच खेड्यांतून आलेली आहे. कंबर धरून ती उभी राहिली तर ‘जरा बस’ म्हणून आपण चहा देतो. ते योग्यच आहे. त्यापुढे एक प्रश्न विचारावा: तुला तपासले आहे काय? घरातल्या भगिनींनी विचारावा, आणि ती नाही म्हणाली तर तिच्याबरोबर दवाखान्यात जावे. तो दिवस तिच्या पगारातून कापू नये. वीस वर्षांपूर्वी हा प्रश्न आम्ही विचारला असता, तर एका बाईची तीन हंगामांची मजुरी आणि तिच्या हाडांतले बळ बहुधा वाचले असते. तो आम्ही विचारला नाही, आता विचारतो. आपणही विचारावा एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.